मुलांची पोटगी किती बसते? सातारा-सांगलीकडच्या आईबापांसाठी हिशेबाची रीत

"ताई, पंचवीस टक्के बसतात ना?"

विधी स्वयंसेवक म्हणून साताऱ्यात बसायला लागल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरचा माणूस खुर्चीत बसायच्या आतच तो येणार हे कळतं. बाईला वाटतं पगाराच्या पंचवीस टक्के हक्काचे आहेत. नवऱ्याला वाटतं पंचवीस टक्क्यांच्या वर एक रुपया कोर्ट मागू शकत नाही. दोघांचंही खरं नाही. आणि मुलांचे किती, हे तर दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

तो आकडा हवेतून आलेला नाही. पगाराच्या चौथ्या हिश्श्याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली एका खटल्यात केला होता आणि २०१७ साली पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के पोटगी पत्नीला योग्य ठरेल असं म्हटलं. पण ते पत्नीच्या पोटगीबद्दल होतं, त्या प्रकरणापुरतं होतं. मुलांसाठी टक्केवारीचा तक्ता आपल्या कायद्यात कुठेच नाही. काही देशांत सरकारी सूत्र असतं, उत्पन्न टाकलं की रक्कम निघते. आपल्याकडे न्यायाधीश दोन्ही बाजूंचे कागद बघून रक्कम ठरवतात. म्हणून ज्याचे कागद नीट लावलेले, त्याचा आकडा ऐकला जातो. हा लेख त्या कागदांचा आणि त्यावरून करायच्या बेरीज-वजाबाकीचा आहे. मी वकील नाही. वकिलाकडे जाण्याआधी घरी बसून काय करून ठेवायचं, ते सांगते.

आधी ठरवा: कुठल्या दारातून जायचं

मुलांच्या पोटगीची दारं चार आहेत.

पहिलं आणि सगळ्यांत वापरातलं म्हणजे पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. त्याआधी दाखल झालेले अर्ज जुन्याच कलमाखाली चालतात. हे कलम सगळ्या धर्मांना लागू आहे. मिरजेतल्या एका आजींनी मला विचारलं होतं, "आमच्यात चालतं का हे?" चालतं. मुस्लिम आईबापांच्या मुलांनाही हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केलं आहे. लग्नाबाहेर झालेल्या मुलालाही हे कलम लागू होतं. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत, आणि अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर त्यानंतरही. २००१ पर्यंत मूळ केंद्रीय कायद्यात रकमेला महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. आता कमाल मर्यादा नाही.

दुसरं दार कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५, याचं कलम २०. मारहाण, हाकलून देणं, पैशाची अडवणूक असे प्रकार असतील तर याखाली मुलांचाही खर्च मागता येतो. तिसरं, घटस्फोटाचा किंवा नांदायला येण्याचा दावा आधीच चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २६. चौथं, हिंदू दत्तक व पोटगी कायदा, १९५६, याचं कलम २०. हे शेवटचं लोक विसरतात. मुलगी अठराची झाली, कॉलेजात आहे, लग्न झालेलं नाही आणि स्वतःचं भागवू शकत नाही, तर तिला याच दारातून जावं लागतं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं आहे. शिवाय या कायद्यात जबाबदारी बाप आणि आई दोघांवर आहे. मुलं बापाकडे असतील आणि आई नोकरदार असेल, तर बापही मागू शकतो.

दोन दारांतून अर्ज केला म्हणून दुप्पट मिळत नाही. एका कोर्टाने ५,००० दिले असतील तर दुसऱ्या कोर्टात ते सांगावंच लागतं आणि रक्कम वळती होते. लपवलं तर पुढे अंगाशी येतं.

कुठल्या गावी अर्ज करायचा? कलम १४४ चा अर्ज नवरा जिथे आहे तिथे, किंवा बायको राहते तिथे, किंवा दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथे करता येतो. लग्न सांगलीत झालं, संसार कोइंबतूरला होता आणि बाई आता विट्याला माहेरी असेल, तर ती विट्यात अर्ज करू शकते. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात, नसेल तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

अर्ज लवकर करा, कारण मीटर त्या दिवसापासून चालू होतं

४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात निकाल दिला. पोटगीच्या सगळ्या प्रकरणांना तो लागू आहे आणि तुमचे वकील त्याचं नाव घेतीलच. प्रकरण नागपूरचं होतं. आई आणि लहान मुलगा २०१३ साली कोर्टात गेले होते. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने मुलाला आधी महिना ५,००० आणि नंतर १०,००० असे ठरवून दिले. अंतरिम पोटगीचा, म्हणजे खटला चालू असताना मिळायच्या पोटगीचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयात निकालात निघेपर्यंत सात वर्षं गेली. त्या अनुभवातूनच न्यायालयाने सगळ्या देशासाठी काही गोष्टी घालून दिल्या. त्यातली आपल्या कामाची सगळ्यांत मोठी ही: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या तारखेपासून नाही.

म्हणजे "बघू, दिवाळीनंतर बैठक आहे, पाहुणे मध्ये पडलेत" असं म्हणत आठ महिने काढले, तर त्या आठ महिन्यांचे पैसे सहसा गेले. बैठक चालू ठेवा, पण अर्ज दाखल करून ठेवा. तडजोड झाली तर अर्ज मागे घेता येतो.

खर्चाची भीती असेल तर ती बाजूला ठेवा. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगीच्या प्रकरणात महिलांना कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, याप्रमाणे महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी रस्ता सांगतात.

मुलांची वही

आता मुख्य काम. दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला वेगळं पान. "घरखर्च २०,०००" असं एका ओळीत लिहून आणलेला अर्ज मी पाहिलाय. समोरचा वकील दोन प्रश्नांत त्याच्या चिंध्या करतो. कोर्टाला मुलाचा महिना दिसला पाहिजे.

गेल्या वर्षी कोरेगावकडची एक बाई किराणा दुकानाच्या पिशवीत सगळ्या पावत्या कोंबून घेऊन आली होती. शाळेची पावती, डॉक्टरची चिठ्ठी, गणवेशाचं बिल, त्यात एक लहान मुलाच्या बुटाचं पुठ्ठ्याचं झाकण. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाली, "दुकानदारानं बिल दिलं न्हाई, किंमत ह्याच्यावर चिकटवल्याली हाय." ४४९ रुपये. बाईला वाटत होतं ती वेंधळी आहे. त्या महिन्यात माझ्यासमोर आलेल्यांत सगळ्यांत चांगली तयारी तिचीच होती. आम्ही दोघींनी मिळून पिशवी महिन्यावारी लावली आणि दुपारपर्यंत पान तयार झालं.

पान कसं दिसतं, ते एका कल्पित घरावरून दाखवते. आई सांगलीत दुकानात काम करते, महिना १६,००० मिळतात. तिच्याकडे अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. बाप कुपवाड एमआयडीसीत, त्याच्याकडे त्याची म्हातारी आई.

मुलीचं पान:
शाळेची फी वर्षाला २४,०००, म्हणजे महिना २,०००
शाळेची व्हॅन ९००
वह्या, पुस्तकं, गणवेश वर्षाला ७,२००, म्हणजे ६००
शिकवणी ८००
खाणं, दूध, डबा २,६००
कपडे ४००
औषधपाणी ४००
घरभाडं ६,००० पैकी तिघांतला तिचा वाटा २,०००
वीज, गॅस, मोबाइलचा वाटा ५००
एकूण १०,२००

मुलाचं पानही असंच: फी १,५००, व्हॅन ९००, वह्या-गणवेश ४००, खाणं २,२००, कपडे ४००, दम्याचं औषध धरून ६००, भाडं २,०००, वीज-गॅस ५००. एकूण ८,५००. दोघांचे मिळून १८,७००.

दोन गोष्टी इथे नेहमी चुकतात. एक, वर्षाकाठी येणारे खर्च लोक विसरतात, कारण ते जूनमध्ये एकदाच येतात. त्यांना बारानं भागून महिन्यात आणा. दुसरी, माहेरी राहणारी बाई भाडं शून्य लिहिते. भाऊ भाडं घेत नसेल, पण विजेचं बिल आणि गॅस वाढलेला असतो. जे खरंच देता ते लिहा, न देता लिहू नका. फुगवलेला एक आकडा पकडला गेला की बाकीचे खरे आकडेही संशयात जातात.

समोरच्याचं उत्पन्न: नोकरदाराची पगारस्लिप उलटी वाचा

स्लिपच्या तळाशी हातात येणारी रक्कम असते. नवरा कोर्टात तीच दाखवतो. तुम्ही वरून सुरू करा. आपल्या कल्पित बापाची स्लिप अशी:

एकूण पगार ४६,०००. कपात: भविष्य निर्वाह निधी १,८००, व्यवसाय कर २००, दुचाकीचा हप्ता ४,२००, पतसंस्थेचं कर्ज ६,०००, विमा १,८००. हातात ३२,०००.

यातली पहिली दोन कपात कायद्याने सक्तीची. पुढच्या तीन त्याने स्वतः घेतलेल्या. न्यायालयं साधारणपणे सक्तीची कपात वजा करतात, हप्ते नाही. नाहीतर पोटगीचा अर्ज आल्याबरोबर मोठं कर्ज काढणं हाच उपाय झाला असता, आणि तसं करणारे आहेत. कर्ज मुलांच्या आजारपणासाठी किंवा सगळे राहत होते त्या घरासाठी असेल तर ती वेगळी गोष्ट, ती सांगावी. म्हणून मोजायची रक्कम ३२,००० नाही, ४४,००० आहे.

दोन वाटांनी करून बघा

आता मुलांचं पान आणि बापाचं उत्पन्न एकत्र आणायचं. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका प्रकरणात, जिथे आईबाप दोघंही नोकरदार होते, मुलांचा खर्च दोघांच्या पगाराच्या प्रमाणात वाटून दिला होता. बापाचा पगार साधारण दुप्पट, म्हणून दोनास एक. 'रजनेश विरुद्ध नेहा'च्या निकालातही हेच सूत्र आहे: शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे बापाने करावा, पण आई पुरेसं कमावत असेल तर प्रमाणात वाटून घ्यावा.

आपल्या घरात ४४,००० आणि १६,०००, मिळून ६०,०००. मुलांचे १८,७०० या प्रमाणात वाटले तर बापाच्या वाट्याला सुमारे १३,७०० आणि आईच्या वाट्याला ५,०००.

दुसरी वाट दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ साली वापरली. घराचं सगळं उत्पन्न एकत्र करायचं आणि वाटे घालायचे. कमावणाऱ्या नवऱ्याला दोन वाटे, कारण कामावर जाण्यायेण्याचा खर्च त्याला असतो. बाकी प्रत्येकाला एक. आपल्या घरात बापाचे दोन, आई, मुलगी, मुलगा आणि आजी यांचा एकेक, असे सहा वाटे. ६०,००० भागिले सहा, म्हणजे १०,००० चा वाटा. आई आणि दोन मुलं यांचे ३०,०००. त्यातले १६,००० आई स्वतः मिळवते. उरले १४,०००.

दोन वेगळ्या वाटांनी चालून १३,७०० आणि १४,००० असे आकडे आले. एवढे जवळ ते नेहमी येत नाहीत. पण दोन्ही करून बघितल्याचा फायदा हा की मागणी कुठल्या टापूत ठेवायची ते कळतं. आई कमावत नसती तर दुसऱ्या वाटेने ४४,००० चे सहा वाटे, प्रत्येकी ७,३३३, आणि तिघांचे मिळून २२,००० झाले असते. कोर्ट या गणिताला बांधील नाही. ते मुलांची राहणी, बापावरची इतर जबाबदारी, म्हातारे आईवडील, कुणाचं आजारपण हे सगळं बघतं. पण अशी आकडेमोड कागदावर असली की वकिलालाही बोलायला धरून काहीतरी मिळतं. नाहीतर वकील सवयीने "पंचवीस हजार मागूया, दहा तरी देतील" म्हणतो. हे मला कधीच पटलं नाही.

पगारस्लिप नसलेली माणसं

आपल्या भागात खरी गंमत इथून सुरू होते.

ऊसवाला म्हणतो, "यंदा काहीच आलं नाही." बरोबर असू शकतं. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावला तर तुटायला सोळा ते अठरा महिने जातात. एक अख्खं वर्ष बिलाविना जाऊ शकतं. उलट बाईची बाजू आलेलं बिल बारानं भागते, तेही चूक. धरा दोन एकर, एकरी ५५ टन, टनाला ३,२००, ३,५२,००० झाले. मशागत, बेणं, खत, पाणीपट्टी यांचे १,३६,००० वजा केले तर २,१६,००० उरले. बारानं भागलं तर महिना १८,०००. पण पीक अठरा महिन्यांचं, म्हणून अठरानं भागायचं: महिना १२,०००. तोडणी-वाहतूक पुन्हा वजा करू नका. कारखाना दर देताना ती आधीच कापून घेतो. खोडव्याचा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाचा, हिशेब वेगळा, तो बारा महिन्यांचाच. त्यात दूध घाला. संघाचं बिल दर दहा दिवसांनी होतं. चारा-पेंड जाऊन २,५०० उरत असतील तर महिना ७,५००. म्हणजे या माणसाचं उत्पन्न १९,५०० धरता येईल.

पुरावा? सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन मिळतात. सातबाराच्या बारा नंबरवर कुठलं पीक होतं ते असतं. ऊसबिल आणि दूधबिल बँकेत जमा होतं, तेव्हा खात्याचे उतारे मागायचे. जमीन सासऱ्याच्या किंवा सगळ्या भावांच्या नावावर सामाईक असेल तर संपूर्ण उत्पन्न नवऱ्याचं धरता येत नाही. त्याचा हिस्सा किती आणि तो कसतो किती, ते सांगावं लागतं. "वडिलांचं आहे, मी नुसता मदत करतो" हे उत्तर येणारच. त्यासाठी बँकेचं पीककर्ज कुणाच्या नावावर आहे आणि कारखान्याची ऊसनोंद कुणाच्या नावावर आहे, हे बघा.

खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले देशभर सोन्या-चांदीच्या गाळपाचा धंदा करतात. तिथे कागद कमी असतात. मग राहणीमान बोलतं: गावातला बंगला, गाडीची नोंद, दुकानाचा भाडेकरार, जीएसटीची नोंदणी, आयकर विवरणपत्र. एका बाईने तर यात्रा कमिटीच्या वर्गणीची पावती आणली होती, नवऱ्याचं नाव आणि आकडा छापील. कोर्टाने नुसत्या तेवढ्यावर काही ठरवलं नसतं, पण "मी महिना बारा हजार कमावतो" म्हणणाऱ्या माणसाला त्या पावतीने जरा घाम फुटला.

पाटण-जावळीकडचे पुष्कळ जण मुंबई-नवी मुंबईत माथाडी आहेत. त्यांची मजुरी माथाडी मंडळामार्फत होते, त्यामुळे नोंद मंडळाकडे असते. ती कोर्टाकडून मागवता येते.

आणि फौजी. साताऱ्यात हा प्रश्न दर महिन्याला येतो. सैन्यात सेवेत असलेल्याच्या पगारावर दिवाणी कोर्टाला थेट जप्ती आणता येत नाही. म्हणून बायका निराश होऊन परत जातात. पण आर्मी ॲक्ट, १९५०, यातच बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करायची तरतूद आहे. त्यासाठी अर्ज त्याच्या युनिटमार्फत वर जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलं तर तो कसा लिहायचा, कुठे पाठवायचा ते कळतं. सर्व्हिस नंबर, रँक, युनिटचं नाव जवळ ठेवा.

शपथपत्र

'रजनेश विरुद्ध नेहा'च्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र सक्तीचं केलं. नोकरदार-व्यावसायिकांसाठी एक नमुना, शेतकऱ्यांसाठी वेगळा. त्यात जमीन, पिकं, जनावरं, जमिनीवरचं कर्ज हे सगळं विचारलेलं असतं. खेड्यातल्या माणसाकडून शहरी नमुना भरून घेतलेला दिसला तर वकिलाला सांगा, शेतकऱ्याचा नमुना मागवून घ्या. अर्जदाराने ते अर्जासोबतच द्यायचं. समोरच्याने म्हणणं आणि शपथपत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत. दोनदा मुदत घेऊनही मुद्दाम टाळाटाळ केली तर त्याचं म्हणणं रद्द करण्याचा विचार कोर्ट करू शकतं. दोन्ही शपथपत्रं आल्यावर अंतरिम पोटगीचा निर्णय चार ते सहा महिन्यांत व्हावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात. पण हा निकाल हातात धरून "साहेब, शपथपत्र कुठाय?" असं दर तारखेला विचारणारा वकील आणि न विचारणारा वकील यांत महिन्यांचा फरक पडतो.

तुमचं स्वतःचं शपथपत्र भरताना शिवणकाम, भिशी, बचत गटाचं कर्ज, माहेरची जमीन, काहीही लपवू नका. खोट्या शपथपत्राबद्दल कारवाई दोघांवरही होऊ शकते.

बापाला दोन शब्द

हा लेख बायकांसाठीच आहे असं वाटत असेल तर थांबा. माझ्यासमोर असेही बाप बसतात जे दर महिन्याला मुलाच्या मामाच्या हातात रोख पैसे देत होते आणि कोर्टात "एक रुपया दिला नाही" हे ऐकून ढसाढसा रडले. रोख देऊ नका. बँकेतून पाठवा, शेऱ्यात "मुलीची फी, जून" असं लिहा. शाळेत थेट भरलीत तर पावती स्वतःच्या नावाची घ्या आणि ही रक्कम पोटगीत धरायची का नाही, ते आदेशात लिहून घ्या; नाहीतर पुढे ती भेट म्हणून जमा होते. नोकरी खरंच गेली असेल तर काम सुटल्याचं पत्र, आजारपण असेल तर कागद दाखल करा. नुसतं "मी बेकार आहे" हे धडधाकट माणसाकडून कोर्ट ऐकून घेत नाही.

आणि मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पैसे थांबवू नका. भेटीसाठी वेगळा अर्ज करा. तसंच आईनेही पैसे येत नाहीत म्हणून भेट अडवू नये. हे दोन हिशेब कोर्ट एकमेकांत मिसळत नाही.

आदेशानंतर

आदेश हातात आला की तारीख लिहून ठेवा, कारण थकबाकी वसूल करायला मुदत असते. कलम १४४ खाली थकलेल्या रकमेसाठी वसुलीचा अर्ज, ती देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. दर तीन-चार महिन्यांनी करत राहणं बरं. पैसे न देणाऱ्याला थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आत बसून आला म्हणून देणं फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच हे सांगितलं आहे. नोकरदाराच्या बाबतीत दिवाणी दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी मागणारा दिवाणी अर्ज, जास्त उपयोगी पडते, कारण पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराच्या दोन तृतीयांश हिश्श्यापर्यंत जप्ती येऊ शकते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तर कोर्ट मालकालाच थेट बाईच्या खात्यात पैसे भरायला सांगू शकतं. म्हणून मूळ अर्जातच कंपनीचं नाव-पत्ता आणि तुमच्या पासबुकाची प्रत द्या.

रक्कम कायमची नसते. मुलगी आठवीतून दहावीत गेली, फी वाढली, बापाचा पगार वाढला किंवा कामच गेलं, तर कलम १४६ खाली बदलून मागता येते. मूळ अर्जातच दरवर्षी ठरावीक वाढ मागून ठेवा; मिळेलच असं नाही, पण मिळाली तर पुढच्या चकरा वाचतात.

खालच्या कोर्टाचा आकडा पटला नाही आणि उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर आता मुंबईची एसटी धरायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्यात आहेत.

घटस्फोट परस्पर संमतीने घेत असाल तर एक ओळ नीट वाचा. "आई मुलांसाठी काही मागणार नाही" असं लिहून सही करून देणाऱ्या बाया खूप भेटतात. दागिने परत मिळावेत म्हणून, एकदाचं सुटावं म्हणून. आईने स्वतःचा हक्क सोडला तरी मुलाचा हक्क तिला सोडून देता येत नाही आणि मुलाच्या नावाने पुढे अर्ज करता येतो. तरी ती ओळ घालूच देऊ नका, कारण नंतर तिच्यावरच वाद घालण्यात वर्ष जातं.

पहिल्या तारखेला जाताना पिशवीत काय असावं: मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा पुरावा, आधार, दोन्ही बाजूंच्या उत्पन्नाचे जेवढे कागद मिळतील तेवढे, शपथपत्र, पासबुक, आणि मुलांची वही. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, अगदी माझ्याही.

बुटाच्या झाकणाचीही झेरॉक्स काढली होती आम्ही. किंमत नीट दिसावी म्हणून दुकानदाराने दोनदा काढून दिली.